वरून ओतलेलं पाणी

गावांनी स्वतः हाती घेतलेली वारसा जतनाची कामं शोधायची, जाऊन बघायची आणि निधीसाठी नावं सुचवायची, हे साताऱ्यात माझं काम. आमच्याकडे विहीर म्हटलं की सगळे लिंबची बारा मोटांची विहीर दाखवतात. १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली, नावात बारा असल्या तरी सोय पंधरा मोटांची. लहान गावांतल्या बारवांकडे मात्र कुणी फिरकत नाही.

खटाव तालुक्यातल्या अशाच एका बारवेवर मे महिन्यात गेले. मंडळाच्या पोरांनी गाळ उपसला होता. काठच्या चिऱ्यांवर दोर घासून पडलेल्या खाचांत माझं बोट पेरभर आत गेलं. अंदाजपत्रकात सिमेंटचा गिलावा होता. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती दगडात कोंडतं, हे सांगितल्यावर पोरांना लगेच पटलं.

अर्जात ‘सर्व समाजाचा सहभाग’ असं लिहिलेलं. मी नेहमीचा प्रश्न विचारला : इथे पाणी कुणाला भरता येत नव्हतं?

सगळे गप्प. एक जण म्हणाला, “जुनं कशाला उकरायचं, मॅडम?”

बाभळीखाली उभ्या असलेल्या एका आजींनी माझा हात धरला आणि काठापासून दहा-बारा पावलांवरच्या सपाट दगडापाशी नेलं. “हितं घागर ठिवून उभं ऱ्हायचं. कुणाला दया आली तर वरनं वतायचं. न्हाईतर रिकामी घागर घिऊन घरी. मी ल्हान हुते, आईच्या पदराला धरून.”

जोतीरावांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण याच तालुक्यातलं. त्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना १८६८ मध्ये खुला केला. आणि इथे आजी आपल्या लहानपणाचं सांगत होत्या. मला पुढचं सुचेना.

अंदाजपत्रक परत उघडलं. ‘परिसर सपाटीकरण व फरशी’ या कलमात तो दगड उखडला जाणार होता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तो दगड कसला, हेच पोरांना ठाऊक नव्हतं. ते कलम मी तिथेच खोडलं. आजींच्या आळीतल्या दोन बायका समितीत घ्या, मगच मी नाव सुचवेन, असंही सांगितलं. त्यावर तासभर वाद झाला, पण दोन नावं लिहिली गेली.

निघताना मंडळाच्या अध्यक्षाने विचारलं, “आजी, दगडापाशी फलक लावू. काय लिहायचं?”

“माझ्या आईचं नाव लिव. रोज उभी ऱ्हायची ती.”