‘गेट’ कळायला लागलेले चार महिने

मे महिन्यातली दुपार. बाहेर ४४ अंश. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळच्या ज्या पॅकहाऊसचं काम मी बघतो, तिथे पंख्याखालीसुद्धा अंगाची लाही होत होती. पहाटेच कापणीची टोळी मळ्यात उतरली होती. केळीचे घड येत होते, फण्या सुटत होत्या, तुरटीच्या पाण्यात चीक धुऊन, वजन होऊन तेरा-तेरा किलोच्या खोक्यांत भरल्या जात होत्या. माल आखातात जायचा होता. कंटेनर दाराशी लागलेला, त्याचं मशीन घुमत होतं. तेवढ्यात खरेदीदाराच्या मुंबईतल्या साहेबांचा मेसेज आला: ‘गेट द बॉक्सेस कूल्ड बिफोर लोडिंग.’

साहेब दक्षिणेकडचे, मराठी येत नाही, त्यामुळे आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच चालायचं. मेसेज मी नीट वाचला. एकही शब्द अनोळखी नव्हता. गेट म्हणजे मिळणे, हे पाचवीपासून पाठ. मी अर्थ लावला की लोडिंगआधी खोक्यांना थंडावा मिळेल, म्हणजे कंटेनर आतून थंड करूनच पाठवलाय. ‘ओके सर’ लिहिलं आणि खोकी लाइनवरून थेट कंटेनरमध्ये चढवायला सांगितली. प्री-कूलिंगची, म्हणजे माल भरण्याआधी थंड करायची खोली दहा पावलांवर रिकामी होती.

संध्याकाळी तपासणीला आलेल्या माणसाने एका केळ्यात थर्मामीटरची सुई खुपसली आणि काही न बोलता मला आकडा दाखवला. गराचं तापमान तिशीच्या घरात होतं. कंटेनरचं मशीन थंड माल थंड ठेवण्यासाठी असतं, मळ्यातून आलेलं ऊन उतरवण्यासाठी नाही. केळीला वाटेत साधारण साडेतेरा अंश लागतात. त्याच्या फार खाली गेलं तर साल काळवंडते, वर राहिलं तर माल जहाजातच पिकायला लागतो. अर्धा भरलेला कंटेनर आम्ही परत खाली केला. पहाटेपासून राबलेली पोरंच रात्री दोनपर्यंत खोकी वाहत होती. त्यातल्या एकाने विचारलं, “भाऊ, झालं काय नेमकं?” मी म्हणालो, “मेसेज मला समजला नाही.” तो पुढे काही बोलला नाही. खोकं उचलून निघून गेला. ते मला अजून आठवतं.

मी १९९० मध्ये पाचवीत गेलो. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासूनच असायचं. पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं. वर्गात आम्ही एका सुरात म्हणायचो, ‘जी ई टी गेट, गेट म्हणजे मिळणे.’ एका शब्दाला एक अर्थ, पुढचा शब्द. त्या पद्धतीला मी सरसकट नावं ठेवणार नाही, कारण ‘मँगो म्हणजे आंबा’ त्याच पद्धतीने आलं आणि ते आजही खरं आहे. पण क्रियापदाचं तसं नसतं, हे सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी रात्री मुलीचा शब्दकोश उघडला. ‘गेट’ची नोंद संपेचना. पहिल्या काही अर्थांपर्यंत बोट धरून गेलो, मग सगळे एकमेकांत मिसळले. तीन रात्री तसंच झालं. चौथ्या दिवशी गावातल्या निवृत्त सरांकडे गेलो. सर ओट्यावर बसले होते. घडलेलं सांगितल्यावर त्यांनी माझा फोन मागितला, मेसेजचा ग्रुप उघडायला लावला आणि म्हणाले, “अरे, तुझं पुस्तक तर तुझ्या खिशात आहे. यात ‘गेट’ शोध, ‘गॉट’ शोध. जेवढी वाक्यं निघतील तेवढी वहीत उतरव. उजव्या बाजूला, त्या वेळी तू मराठीत काय बोलला असतास ते लिही. आणि एक अट. खरोखर काही मिळालं असेल तरच ‘मिळणे’ लिहायचं.”

दोन वर्षांच्या मेसेजमधून ७३ वाक्यं निघाली. दोनशे पानी वही घेतली. रोज रात्री जेवणानंतर पाच-सहा वाक्यं, त्याहून जास्त नाही.

पहिल्याच आठवड्यात मी चकित झालो. ‘डिड यू गेट द लेबल्स?’ इथे ‘मिळाली का’ बरोबर बसलं. पण ‘गेट सम फोम शीट्स फ्रॉम भुसावळ’ म्हणजे आणा. ‘व्हेन विल द ट्रक गेट टू रावेर?’ म्हणजे पोहोचेल. ‘गेट द ड्रायव्हर टू कॉल मी’ म्हणजे ड्रायव्हरला मला फोन करायला सांगा. ‘हॅव यू गॉट द सील नंबर?’ म्हणजे सील नंबर आहे का तुमच्याकडे. ‘फॉर्टी बॉक्सेस गॉट रिजेक्टेड’ म्हणजे चाळीस खोकी बाद झाली. ७३ पैकी ‘मिळणे’ जेमतेम १५ ठिकाणी आलं. म्हणजे दोन वर्षं मी साहेबांचं म्हणणं बहुतेक वेळा अंदाजाने पुढे ढकलत होतो आणि मालाची गाडी माझ्या अंदाजावर चालत होती.

मग आईमुळे एक गोष्ट घडली. मी वही घेऊन बसलो होतो, केळी कापताना विळा निसटून बोटाला चिंधी बांधलेली. आई चुलीपासून म्हणाली, “तुले लय लागलं का रे?” थोड्या वेळाने, “बहिणीले फोन लागला का?” मग, “भूक लागली का तुले?” मी वही खाली ठेवली. बोटाला लागलं, फोन लागला, भूक लागली. आणि पुढे? नोकरी लागली. घड लागला. केळीवर करपा लागला. लाकडाला वाळवी लागली. गाडीला दोन तास लागले. भुसावळ सोडलं की पुढे सावदा लागतं. रडायला लागला. हे सगळं मला कोणी पाठ करायला लावलं नव्हतं. ‘लागणे म्हणजे काय’ असं कोणी विचारलं तर मला एका शब्दात सांगता येणार नाही, आणि तरी आयुष्यात एकदाही माझी गफलत झालेली नाही. कारण मी ‘लागणे’कडे बघतच नाही, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघतो. फोन असेल तर एक अर्थ, भूक असेल तर दुसरा.

दुसऱ्या दिवशी हे सरांना सांगितलं तेव्हा ते उठून आत गेले आणि मोल्सवर्थ या इंग्रज साहेबाचा मराठी-इंग्रजी शब्दकोश घेऊन आले. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण होतं. ‘लागणे’ची नोंद काढून माझ्यासमोर ठेवली. अर्थांची रांगच रांग. “हे बघ,” सर म्हणाले, “त्या साहेबाला आपलं ‘लागणे’ शिकताना असाच घाम फुटला असेल.” मला त्या दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

त्यानंतर मी वहीतली वाक्यं शेजाऱ्यांवरून लावली. पुढे वस्तू आली की मिळणं, आणणं, घेणं यांपैकी काहीतरी. पुढे जागा आली की पोहोचणं. पुढे कसा-कशी सांगणारा शब्द आला की होणं, पडणं, किंवा आपलं ‘लागणं’च. पुढे वस्तू आणि तिच्यामागे क्रियापदाचं तिसरं रूप आलं की ते काम करून घ्या, करवून घ्या. ‘गेट द बॉक्सेस कूल्ड.’ बॉक्सेस वस्तू, कूल्ड तिसरं रूप. खोकी थंड करून घ्या. बस, एवढंच म्हणणं होतं त्यांचं. ज्या रात्री हे वाक्य त्या रांगेत जाऊन बसलं त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही.

पुढे माणूस आणि ‘टू’ आला तर त्या माणसाकडून करवून घ्यायचं, पण गोडीत. सरांनी इथे थांबवलं होतं. ‘मेक’ वापरलं तर त्यात जोर येतो, भाग पाडणं येतं. ‘गेट’मध्ये समजावून, गळ घालून काम करवून घेणं असतं. मजुरांबद्दल बोलताना हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

सगळ्यात उपयोगी पडलं ते ‘होणं’वालं गेट. आधी मी सगळीकडे ‘इज’ लावायचो. ‘फ्रूट इज यलो’ लिहिलं की साहेबांचा लगेच घाबरून फोन यायचा. ‘इज यलो’ म्हणजे माल पिवळा आहे, झालं, संपलं, निर्यातीतून गेला. मला सांगायचं असायचं की दोन-चार फण्यांवर पिवळसर झाक दिसायला लागलीय, अजून हातात आहे, खोलीचं तापमान बघू. त्याला ‘गेटिंग यलो’ म्हणतात. नव्हतं ते होतंय, ही चाल त्या एका शब्दात आहे. पिवळी असणं आणि पिवळी पडायला लागणं यांत केळीच्या धंद्यात अख्ख्या गाडीचा फरक पडतो, हे कोणत्याही बागायतदाराला पटेल.

काही वाक्यं मात्र कोणत्याच रांगेत बसेनात. ‘आय विल गेट बॅक टू यू ऑन सॅटरडे’ असं एकदा साहेबांनी लिहिलं होतं तेव्हा ते स्वतः येणार समजून मी शनिवारी दिवसभर पॅकहाऊस सोडलं नव्हतं. त्याचा अर्थ, शनिवारी कळवतो. ‘गेट रिड ऑफ द लूज हँड्स’ म्हणजे सुट्या फण्या काढून टाका. केळीच्या फणीला इंग्रजीत हँड म्हणतात. समजावून झाल्यावर विचारलेलं ‘गॉट इट?’ म्हणजे लक्षात आलं का. मी त्यावर एकदा ‘नो सर, नॉट रिसीव्ड’ असं उत्तर पाठवलं होतं. ही वाक्यं सरळ पाठ करावी लागतात, त्याला इलाज नाही. ग्रुपवर एक जण अमेरिकेत राहून आलेला आहे, तो ‘हॅज गॉटन’ लिहितो. मला ती चूक वाटायची. सर म्हणाले, चूक नाही, ते जुनंच रूप आहे. इंग्लंडमध्ये मागे पडलं, अमेरिकेत टिकलं.

सरांना शब्दाचं मूळ सांगायला फार आवडतं. हजारेक वर्षांपूर्वी उत्तरेकडचे नॉर्स लोक इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात येऊन वसले, त्यांच्या बोलीतला ‘गेटा’ हा शब्द. मिळवणं, हाती धरणं असा त्याचा अर्थ. इंग्रजीतला जुना ‘फरगेट’ही त्याच्याच नात्यातला. फरगेट म्हणजे मुळात हातातून निसटू देणं. हे परीक्षेला उपयोगाचं नाही, मेसेजलाही नाही. पण त्या दिवसापासून ‘फरगेट’ मी विसरलो नाही.

उच्चाराचं काम मुलीकडे होतं. आमच्याकडे गेट म्हणजे रेल्वेचं फाटक. ‘गेट पडलं होतं’ हे उशिराचं कायमचं कारण. त्यामुळे माझ्या तोंडी दोन्ही गेट एकच होते आणि फोनवर समोरचा अडखळायचा. मुलीने युक्ती काढली. “बाबा, तुम्ही ‘नेट नाही’ म्हणता ना, त्यातल्या ‘नेट’सारखं आखूड म्हणा.” नेट, गेट, नेट, गेट. मोटारसायकलवरून मळ्यात जाताना आठवडाभर तेच चाललं होतं. फाटकाचा गेट लांब, शेवटी जरा ‘य’कडे झुकणारा. आपल्या लिपीत दोन्ही एकसारखेच दिसतात, म्हणून कानानेच शिकावं लागतं.

जून-जुलैमध्ये वाचायला जमू लागलं. लिहायची हिंमत ऑगस्टमध्ये झाली. पहिलं वाक्य सोपं निवडलं: ‘वी आर गेटिंग द सेकंड रूम क्लीन्ड.’ दुसरी खोली साफ करून घेतोय. पाठवण्याआधी तीनदा वाचलं. साहेबांनी नुसता अंगठा पाठवला. त्यांच्यासाठी ते रोजच्यासारखंच वाक्य होतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं. कागदपत्रांत मात्र सरांच्या सांगण्यावरून मी ‘गेट’ टाळतो. तिथे ‘रिसीव्ह’ बरं दिसतं. गेट हा बोलण्यातला शब्द आहे.

सप्टेंबरच्या शेवटी साहेबांची बदली झाली. ग्रुपमधून बाहेर पडताना त्यांनी मला वेगळा मेसेज पाठवला. कामाबद्दल दोन चांगली वाक्यं आणि शेवटी: ‘आय नेव्हर गॉट टू सी युवर फार्म.’ हे ७४ वं वाक्य. गॉटच्या पुढे ‘टू’ आणि क्रियापद, ही जागा वहीत अजून आली नव्हती. संधी मिळाली नाही, असं आधी लिहिलं. मग खोडलं. कोणी घर सोडून निघताना आपण असं बोलत नाही. त्याखाली लिहिलं, तुमचा मळा बघायचा राहूनच गेला.

मग उत्तर लिहिलं. ‘कम इन डिसेंबर, सर. वी विल गेट भरीत मेड इन द फार्म.’ वस्तू, आणि मागे तिसरं रूप. मे महिन्यातल्या त्याच वाक्याची ठेवण. थंडीत आमच्याकडे मळ्यात भरीत होतं, काट्या-काटक्यांवर वांगी भाजून, कळण्याच्या भाकरीबरोबर. पाच मिनिटांत उलट मेसेज आला: ‘व्हॉट टाइम शुड आय गेट देअर?’

कितीला पोहोचू? वही उघडावी लागली नाही. ‘बाय टेन, सर’ लिहिलं आणि आईला हाक मारून सांगितलं, पाहुणे येणार आहेत, बामणोदची वांगी आणायला लागतील.