बिनकाट्याची दुपार

दुपारचे अडीच. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागलेला. प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा या वेळी नालीतून अंग बाहेर काढत नाही. आतल्या खोलीत कूलर घरघरतोय, स्वयंपाकघरात ओट्यावर एअर फ्रायर घरघरतोय आणि मी मधल्या दारात उभी. दोघांचा आवाज इतका सारखा, की डाव्या अंगाला गार लागतं म्हणून तिकडे कूलर असणार, एवढाच अंदाज. एक ओल्या खसातून वारा ओढतो, दुसरा तापून लाल झालेल्या तारेवरून.

नागपूरच्या माणसाला एअर फ्रायर समजावून सांगावा लागत नाही. डोक्यावर तापलेली तार, चहूकडून बंद डबा, त्यात गरगर फिरणारी कोरडी झळ आणि मधे बिचारा एक जीव. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता. त्या दिवसांत मी भरदुपारी ऑफिसातून स्कूटीवर घरी यायची, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, साधारण बारा मिनिटं. बासा मासोळीच्या फिलेटलाही, म्हणजे काटे काढलेल्या तुकड्यालाही, तेवढीच लागतात, हे आता कळलं.

फ्रायर मुळात लेकीचा. पुण्यात तिनं घर बदललं तेव्हा "आई, विकू की नेतेस?" असं विचारलं. विकू म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप "नेते" निघतं. पूर्वी आईकडून लेकीकडे पितळी डबे जायचे, आमच्याकडे गंगा उलटी वाहतेय. आठ महिने तो माळ्यावर पडून होता. मग त्यात पापड झाले, शेंगदाणे झाले, एकदा सांबारवडी झाली. तिच्याबद्दल न बोललेलं बरं. माझा या यंत्रावर राग आहे तो नावापुरता. फ्रायर कशाला म्हणायचं? तळणीचा चुर्र आवाज नाही, कढई नाही, झाऱ्यावरून निथळणारं तेल नाही. एका डच माणसानं बटाट्याच्या फोडींसाठी हे काढलं आणि २०१० साली फिलिप्सनं बाजारात आणलं म्हणतात. असेल. पण ही भट्टी आहे, छोटी भट्टी. बेकरीवाल्याकडे असते तशी, फक्त आत पंखा बसवलेली. भट्टी म्हटलं असतं तर मी आठ महिने आधीच वापरली असती.

तर मासोळी. यांच्या घरी मासोळी चालत नाही. चालत नाही म्हणजे भांडण नाही, शपथ नाही, कुणी कधी आवाज चढवून सांगितलं असंही नाही. नुसतं चालत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी एकदाच विचारलं होतं, "तुमच्याकडे खातात म्हणे?" मी हो म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या. त्या एका 'बरं'वर माझी एकोणतीस वर्षं निघाली. मासोळी खायची ती माहेरी. माहेर साकोलीकडे, भंडारा जिल्ह्यात. तिथे आता घराला कुलूप आहे.

हे लेकीला ठाऊक. फ्रायर देताना तीच म्हणाली, "बासा आण गं, गोठवलेला मिळतो. त्याला ना वास, ना काटा, ना चव. बाबांना कळणारपण नाही."

चव नसणं हा गुण म्हणून सांगितलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

पहिला बासा मी वायाच घालवला. पाकीट सकाळी बाहेर काढलं, दुपारी धुतलं, हळद-तिखट-मीठ-लिंबू लावून तासभर ठेवलं आणि ओलाच आत सरकवला. गोठवलेल्या फिलेटवर बर्फाचं कवच असतं, ते सुटलं की पाणीच पाणी. त्या पाण्याची वाफ झाली आणि मासा भाजण्याऐवजी उकडला. लिंबानं आधीच तो कडेकडेनं शिजल्यासारखा पांढरा पडला होता. जे बाहेर आलं ते कपडे धुवायच्या साबणाच्या वडीसारखं दिसत होतं. आणि खरं सांगते, लागतही तसंच होतं.

दुसऱ्या वेळी खाली कागद घातला. पंख्यानं तो कागद उचलून थेट वरच्या तारेला नेऊन चिकटवला. जळका वास सुटल्यावर आतून विचारणा झाली, "काही लागलं का गं?" मी म्हटलं, "दूध."

आता जमतं. रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून हळूहळू सैल होऊ द्यायचा. जुन्या सुती साडीच्या फडक्यात दाबून दाबून टिपायचा, फडकं ओलं लागेनासं होईपर्यंत. मग आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ. वरून ज्वारीचं पीठ, अगदी चिमटीनं भुरभुरवून, आणि त्यावर तेलाचा हात. तेल चुकवलं तर पीठ कोरडंच राहतं, मासोळीला पावडर लावल्यासारखं. फिलेटचं शेपटीकडचं टोक पातळ असतं, ते आधी वाळून कडक होतं; म्हणून ते खाली दुमडून घ्यायचं, लुगड्याचा काठ दुमडतात तसं. डबा आधी तीन-चार मिनिटं रिकामा तापवायचा. २०० वर दहा ते बारा मिनिटं. मधे उलटायला जाऊ नये, सराट्यावर येईपर्यंत त्याचे तुकडे होतात. काट्यानं जरा टोचलं आणि पाकळ्या अलग झाल्या की झालं. लिंबू ताटात.

काट्यानं म्हणजे खायच्या काट्यानं. या मासोळीशी संबंध आलेला हा एकच काटा.

माहेरच्या गावाला लागून तलाव होता. भंडारा-गोंदियाकडे असे तलाव हजारोंनी आहेत, गोंड राजांच्या काळापासूनचे, कोहळी समाजाच्या लोकांनी मातीचे बांध घालून बांधलेले. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली आणि कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले, त्याचंच लहान नाव मामा तलाव. आम्हा पोरांना कितीतरी वर्षं वाटायचं, की हे कुणाच्या तरी मामाचे आहेत आणि तो मामा फार श्रीमंत असणार. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ढिवर जाळी टाकत. सकाळी टोपली दारात यायची. आजी उकिडवी बसून एकेका मासोळीचा गालफडाचा पडदा उचलून आत लाल आहे का बघायची. आजीच्या तोंडी मासोळी नव्हे, 'मासोरी'. तिच्या झाडी बोलीत 'ळ' नाहीच. मग अंगणात पावशी, म्हणजे विळी, आणि शेजारी राखेचा ढीग. हात निसटू नयेत म्हणून राख. खवले उडून तिच्या मनगटाला चिकटायचे आणि उन्हात चमकायचे. रस्सा चुलीवर, बाहेरच्या पडवीत, जवसाच्या तेलात, कैरीच्या फोडी घालून. त्या तेलाचा वास दोन घरं ओलांडून जायचा. लपवायचा प्रश्नच नव्हता. उलट ज्या घरी मासोळी नाही तिथली पोरं वास घेत येऊन पडवीशी उभी राहत आणि तीही पंगतीला बसत.

आणि मग शांतता. घरात बारा माणसं, एरवी जेवताना कल्ला. आबाजी आणि मोठे काका यांचं बांधाच्या दोन हात जागेवरून वर्षानुवर्षं चाललेलं, ते ताटावर हमखास निघायचं. फक्त मासोळीच्या दिवशी नाही. कारण रोहूच्या मांसात गलोलीच्या बेचक्यासारखे दोन टोकांचे काटे असतात, कुठल्या हाडाला न जोडलेले, नुसते मांसात रुतलेले. त्या दिवशी बोलण्याची कुणाची टाप नव्हती. कुणी तोंड उघडलंच तर आजी म्हणायची, "बोलू नोको, काटा अडकन." सगळं घर मान खाली घालून बोटांनी चाचपत बसलेलं. ताटाच्या कडेला प्रत्येकाचा काट्यांचा ढीग. आबाजींचा सगळ्यांत नीट, गंजीसारखा रचलेला. तो बांधाचा वाद कधी मिटला नाही, पण मासोळीच्या दिवशी तेवढी सुट्टी असायची.

पोरांना पोटाकडचा तुकडा. तिथले काटे मोठे, ओळीनं लागलेले, सहज निघणारे. शेपटीचा तुकडा मोठ्यांचा. मला पहिला शेपटीचा तुकडा मिळाला तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि मला वाटलं होतं आता मला साडीसुद्धा देतील. तिसऱ्या घासाला काटा अडकला. आजीनं कोरड्या भाताचा गोळा केला, न चावता गिळायला लावला. दुसरा गोळा, तिसरा गोळा. पाचव्याला काटा गेला, पण तोवर माझं पोट भरलं होतं आणि उरलेली शेपटी मोठ्या काकांनी खाल्ली. ती शेपटी मी अजून विसरले नाही.

आजीच्या दोन्ही डोळ्यांत पुढे मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन म्हटलं की कूस बदलून झोपायची. लग्नानंतर एकदा मी गेले असताना मासोळी होती. मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या ताटातले काटे काढायला लागले. सून म्हणून चार घरचं बघून आले होते, सेवा वगैरे करायची हौस. तिनं माझा हात बाजूला सारला. "डोरे गेले माहे, जीभ गेली का?" आणि ती शेपटीचा तुकडा खात राहिली. आंधळी बाई, पण एकेक काटा ओठांच्या कोपऱ्यातून असा काढायची, की सुईतून दोरा निघावा. ढीग ताटाच्या कडेलाच, एक काटा खाली पडलेला नाही. मी बघत बसले. माझाच रस्सा निवला.

माझी जीभ अजून तसंच करते. बिनकाट्याचा बासा, त्यात काटा नाही हे पाकिटावर छापलेलं, तरी प्रत्येक घास आधी जिभेनं चाळून बघते. बाहेरगावी हॉटेलात मैत्रिणी भरभर खाऊन मोकळ्या होतात आणि मला म्हणतात, "किती सावकाश गं!" मी सावकाश नाही. मी शोधतेय.

तर आजची दुपार. फ्रायरनं टिंग केलं. हे आत गाढ झोपलेले, कूलरच्या वाऱ्यानं पेपराची पानं फडफडताहेत. मी ओट्याशी उभ्यानंच खायला घेतलं. मासोळी चांगली झाली होती, कडेनं तांबूस, आत पांढरीशुभ्र. मुळात मेकाँग नदीतली ही जात, आता आपल्याकडे आंध्रातही पाळतात, आणि तिचा तुकडा माझ्या लसणीच्या वाटणात. वास म्हणाल तर लसणीचा. चव म्हणाल तर माझ्या तिखटाची. कुणाला कळावं असं त्यात काही नव्हतंच. चार मिनिटांत ताटली धुऊन पालथी घातली असती तर इथे मासोळी झाली होती याचा एक पुरावा उरला नसता. खवला नाही, डोकं नाही, काट्यांचा ढीग नाही. इतकी सोयीची मासोळी, आणि मला मात्र कुणीतरी उठून "काय शिजवतेस गं?" म्हणून विचारावं असं वाटायला लागलं.

विचारायला आली ती मांजर. कंपाउंडच्या भिंतीवर राहणारी, काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची, आमच्या घराकडे एरवी ढुंकूनही न बघणारी. दूध ठेवलं तरी येत नाही. भर उन्हात तापल्या भिंतीवरून आली आणि खिडकीच्या जाळीबाहेर बसली. ओरडली नाही. नुसती बसून बघत राहिली.

माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं. आजीच्या पावशीशेजारी मांजर बसायचं तेव्हा डोकी, पंख, आतडी सगळं त्या मांजराचं असायचं. तो हिशेब ठरलेला होता. मी उरलेलं अर्धं फिलेट जाळी सरकवून सज्जावर ठेवलं. तिनं हुंगलं, दोन घासांत संपवलं, तोंड पुसलं.

आणि बसूनच राहिली. माझ्या हाताकडे बघत. बाकीची मासोळी कुठे आहे म्हणून.