नळाला जड पाणी, आमच्या घरचा दीड वर्षाचा अनुभव

दीड वर्षापूर्वी आम्ही गावाबाहेरच्या नवीन कॉलनीत राहायला आलो. गाव म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. इकडे धरणाचं पाणी अजून आलेलं नाही, बोअरचं पाणी टाकीत चढवतात आणि तेच नळाला सोडतात. रोज येतं, भरपूर येतं, दिसायला काचेसारखं स्वच्छ, त्यामुळे पहिले काही दिवस आम्ही खुश होतो, कारण आधीच्या भाड्याच्या घरी नळ चौथ्या दिवशी यायचा आणि सगळी पिंपं भरून ठेवावी लागायची.

सगळ्यात आधी लक्षात आलं ते सासूबाईंच्या, तेही तुरीच्या डाळीवरून. त्या शिरपूरकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. रविवारी वरण-बट्टीचा बेत होता, नणंदेकडचे लोक जेवायला, आणि कुकरच्या सात शिट्ट्या होऊनही डाळ खाली पाणी वर. आम्ही दुकान बदललं, डाळ बदलली, कुकरची रिंगसुद्धा बदलली. शेवटी त्यांनीच एक दाणा दोन बोटात दाबून बघितला आणि म्हणाल्या, "दाय चांगली शे, आठलं पानीच जड शे." म्हणजे डाळ चांगली आहे, इथलं पाणीच जड आहे. त्याच दिवशी त्यांनी जारच्या पाण्यात वाटीभर डाळ लावून दाखवली, चार शिट्ट्यांत मऊ लोण्यासारखी. नंतर कळलं की पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून घट्ट करतं, म्हणून दाणा फुटत नाही. सोडा टाकला की शिजते पण त्याने डाळीतलं बी वन जीवनसत्त्व जातं, म्हणून आम्ही तो नाद केला नाही.

मग एकेक दिसायला लागलं. अंगाला साबण लावला की फेस नाही, बादलीत फुटलेल्या दुधासारखा पांढरा साका. केस धुतले की दोरखंडासारखे. स्टीलची भांडी घासून पालथी घातली की वाळल्यावर पांढरे डाग, नळाच्या तोंडाशी चुन्याचा थर, शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणीच नाही. आणि माझ्या चार वर्षांच्या मुलीची कातडी हिवाळ्यात इतकी कोरडी पडली की ती रात्री खाजवून रडायची, ते बघून मला फार वाईट वाटायचं.

अकराव्या महिन्यात गिझर बंद पडला. इलेक्ट्रिशियन भाऊंनी टाकी उघडली आणि खाली परात धरली तर आतून किलो-दीड किलो पांढऱ्या खापऱ्या पडल्या. कॉइल तर कॉइल दिसतच नव्हती, तिच्यावर बोटभर जाड दगडी कवच. भाऊंनी सांगितलं की या थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, मग ती स्वतःच तापून जळते आणि तोपर्यंत लाइट बिल वाढतं ते वेगळंच. मी एक खापरी उचलून तिच्यावर लिंबू पिळलं. फसफसली. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपली चुनखडीच. पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट गरम झालं की त्याचा हा न विरघळणारा दगड होतो.

माझा मावसभाऊ यावलकडे केळी करतो, तो फोनवर म्हणाला की आमच्या ठिबकच्या तोट्या पण अशाच बंद होतात, आम्ही लाइनमधून अ‍ॅसिड सोडतो, तू पण पाइपात सोड. पण शेतातली लाइन प्लास्टिकची, घरात पितळी नळ, गिझरची टाकी, लहान मूल. अ‍ॅसिड नको म्हटलं. गिझरपुरतं इलेक्ट्रिशियन भाऊंनी लिंबूसत्व कोमट पाण्यात कालवून टाकीत तीन तास ठेवलं आणि धुवून काढलं, तेवढं पुरलं.

आता मेन गोष्ट. याच काळात एका कंपनीचा माणूस दारावर आला. दोन ग्लास, एकात आमचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हीत दांड्या बुडवून करंट सोडला आणि एका मिनिटात आमच्या ग्लासात तपकिरी गाळाचा चिखल झाला, त्याचा ग्लास जवळपास तसाच. "वहिनी, हे तुमची मुलगी पिते." मी खरं सांगते, माझे हातपाय गार पडले. त्याने बेचाळीस हजारांचा आकडा सांगितला आणि आम्ही दुसऱ्या दिवशी चेक द्यायला तयार होतो.

आमच्या समोर केमिस्ट्रीचे रिटायर्ड सर राहतात. त्यांना मी सहज बोलावलं. त्यांनी त्या माणसासमोरच मशीनच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणाले, आता लाव दांड्या. तोही ग्लास तपकिरी झाला! सर म्हणाले, त्यातली एक दांडी लोखंडाची आहे, क्षार असले की पाण्यातून करंट जातो आणि त्या दांडीचंच लोखंड गंजून उतरतं, तो गाळ पाण्यातला नाहीच. माणूस सामान आवरून गेला. कृपया, तुमच्या दारात कोणी हा प्रयोग केला तर आधी मीठ टाकून बघा.

सर म्हणाले आधी रिपोर्ट काढ, मग पैसे खर्च कर. टीडीएसच्या पेनने कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, कळत नाही, तो एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते सांगत नाही. म्हणून जळगावला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत फी भरून नमुना दिला. नमुना घेताना नळ पाच-सात मिनिटं वाहू द्यायचा, स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळायचा, काठोकाठ भरायचा, वर तारीख आणि पाणी कुठलं ते लिहायचं. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी, ती त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली घ्यायची, घरची चालत नाही.

रिपोर्टमध्ये एकूण कठीणपणा लिटरला ६४० मिलिग्रॅम. भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२ सालचं) २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. टीडीएस १०८०, तिथे ५०० आणि २००० अशा मर्यादा आहेत. नायट्रेट, फ्लोराइड मर्यादेत, जंतू नाहीत. म्हणजे पाणी विषारी नव्हतं, जड होतं. खारं आणि जड यात फरक आहे हेही तेव्हा समजलं, विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी जिभेला खारट लागतं, आमचं तसं नाही. मुतखड्याची भीती सासऱ्यांना होती, डॉक्टर म्हणाले पाण्याच्या कठीणपणाने खडा होतो असं ठाम म्हणता येत नाही, पण आपल्याकडच्या उन्हात कमी पाणी पिणं नक्की वाईट.

मग ठरवलं की प्यायला आणि स्वयंपाकाला छोटा आरओ, म्हणजे क्षार गाळणारा फिल्टर, आणि आंघोळ, गिझर, वॉशिंग मशीनला सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र. सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, म्हणून त्याने टीडीएस कमी होत नाही. कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सरांनी वहीवर हिशोब मांडला, एक लिटर रेझिन साधारण ४५ ग्रॅम कठीणपणा धरतं, २५ लिटरचं म्हणजे अकराशे ग्रॅमच्या आसपास, आमच्या लिटरभर पाण्यात ०.६४ ग्रॅम, म्हणजे सतराशे लिटरला मिठाच्या पाण्याने ते परत धुवायचं. सगळं घर जोडलं असतं तर दर तिसऱ्या दिवशी मीठ, म्हणून संडास, अंगण आणि बाहेरचा नळ आम्ही मूळ लाइनवरच ठेवले. आता पाचव्या दिवशी तीन किलो जाडं मीठ, महिन्याला वीस किलोच्या आत. थेंबांचं किट आहे, पाणी लालसर जांभळं दिसलं की कठीण आणि निळं झालं की मऊ, दर रविवारी मुलगीच थेंब टाकते.

पहिल्या आठवड्यात तिने आंघोळीला साबणाचा एवढा फेस केला की बाहेरच येईना. कातडीसाठी खोबरेल तेल चालूच आहे पण रात्रीचं खाजवणं थांबलंय.

एक चूक मात्र झाली. रेझिन धुतल्याचं मिठाचं पाणी प्लंबरने अंगणातल्या आळ्याकडे सोडलं होतं आणि आमच्या कुणाच्या ते लक्षातच आलं नाही. महिन्याभरात पेरूचं झाड वाळलं, कढीपत्त्याची पानं कडेने करपली. आता तो पाइप गटारीला जोडलाय. कढीपत्त्याला नवीन पालवी फुटलीय, सासूबाई त्याला रोज तांदूळ धुतलेलं पाणी घालतात. पेरू नाही वाचला.