न बघता काढलेला फोटो

फोटोग्राफी शिकायला गेलेल्या माणसाला पहिल्यांदा काय करायला लावतात, तर डोळे मिटायला. हातात वाया गेलेला एक रोल देतात, खाचाखाचांचं प्लास्टिकचं रीळ देतात (फिल्म धुवायच्या डब्यात ती यावरच गुंडाळून घालतात) आणि म्हणतात, मीट डोळे आणि चढव. उघड्या डोळ्यांनी हे दोन मिनिटांचं काम आहे. डोळे मिटले की तीच फिल्म वळवळायला लागते, मनगटाला विळखा घालते, कुठलं टोक कुठलं ते कळेनासं होतं. बरं, ही रंगीत तालीम. खऱ्या रोलच्या वेळी डोळे मिटायचेही कष्ट नसतात, कारण खोलीत मिट्ट काळोख असतो. सिनेमात दाखवतात तो लाल दिवासुद्धा नाही. तो असतो फोटोच्या कागदासाठी. त्या कागदाला लाल रंग दिसत नाही. साध्या काळ्या-पांढऱ्या फिल्मला मात्र सगळेच रंग दिसतात, त्यामुळे तिच्यासमोर कुठलाच दिवा चालत नाही.

अंधारात काम असं चालतं. ओपनरने रोलच्या डबीचं बूड उचकटायचं, फिल्मची अरुंद जीभ कात्रीने कापून टाकायची आणि उरलेल्या टोकाचे दोन्ही कोपरे जरासे तिरपे छाटायचे. न छाटलेला कोपरा खाचेत हमखास अडकतो. मग रिळाचं तोंड अंगठ्याने चाचपून शोधायचं, पट्टी दोन बोटं आत सरकवायची आणि रिळाच्या दोन बाजू आळीपाळीने पुढेमागे फिरवत राहायचं. आतल्या बारक्या छऱ्यांमुळे पट्टी दर वेळी थोडी पुढे ओढली जाते. ३६ फोटोंचा रोल दीड मीटरहून लांब असतो आणि तो सगळा असा इंचाइंचाने आत जायचा असतो. पायजम्यात नाडी ओवताना जसं सगळं लक्ष बोटांच्या टोकाशी जातं, तसंच इथे होतं. हात घामेजले की फिल्म चिकटते. कुरकुर आवाज बदलला की समजायचं, खाच सुटली. जरा मागे घ्यायची आणि पुन्हा. आमच्या वर्गात त्या अंधारात सगळे कुजबुजत बोलायचे. फिल्मला आवाजाने काही होत नाही, पण हे तिथे कुणाला पटवून देणार?

मला गंमत वाटते ती ही, की बघायची कला म्हणून जिचा एवढा गवगवा, ती शिकताना बघण्याचे प्रसंग फार थोडे येतात. पिनहोल कॅमेऱ्यात तर जवळजवळ येतच नाहीत.

पिनहोल म्हणजे काय, तर एक बंद डबा, आतून काळा रंगवलेला. एका बाजूला भोक, समोरच्या बाजूला फोटोचा कागद. भिंग नाही, शटर नाही, डोळा लावून बघायची खिडकी नाही. शटरच्या जागी काळी चिकटपट्टी. सगळी कारागिरी त्या भोकात. शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा कापून घ्यायचा, पुठ्ठ्यावर ठेवायचा आणि सुईचं टोक अलगद दाबायचं. आरपार घालवायचं नाही, नुसता मागे फुगवटा यायला हवा. तो फुगवटा बारीक पॉलिश पेपरने घासायचा, परत टोक लावायचं, परत घासायचं. मग पत्रा उजेडात धरून भिंगातून बघायचं. कड गुळगुळीत आणि भोक गोल दिसलं तर ठीक, नाहीतर दुसरा तुकडा. नवशिक्यांचा समज असा, की भोक जितकं बारीक तितकं चित्र रेखीव. एका मर्यादेपर्यंत ते खरंही आहे. त्यापुढे मात्र प्रकाशच भोकाच्या कडेशी पसरायला लागतो आणि चित्र पुन्हा धूसर होतं. या दोन धूसरपणांच्या मधली नेमकी जागा कशी काढायची, यावर लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १८९१ साली चक्क निबंध लिहिला. सुईच्या टोकाएवढ्या भोकावर एवढ्या मोठ्या माणसाने डोकं घातलं, हे वाचल्यावर मला घासायचा कंटाळा येईनासा झाला. साधारण १० सेंटिमीटर खोल डब्याला ०.४ मिलिमीटरचं भोक चांगलं.

डबा कशाचाही चालतो. २००६ साली कॅलिफोर्नियात काही फोटोग्राफर मंडळींनी बंद पडलेल्या लष्करी विमानतळाच्या हँगरचाच, म्हणजे विमानं ठेवायच्या अवाढव्य शेडचाच, डबा केला. सहा मिलिमीटरचं भोक आणि आत कागदाऐवजी टांगलेलं तीस मीटरहून लांब कापड. एक्स्पोजर, म्हणजे भोक उघडं ठेवायचा वेळ, ३५ मिनिटं. कॅमेऱ्याच्या आत माणसं उभी राहू शकत होती.

आपला डबा लहान असला तरी नेम धरायची पंचाईत तीच. झाकणावर भोकापासून कागदाच्या दोन कडांपर्यंत पेन्सिलीने दोन रेघा मारायच्या. त्या रेघांच्या मधलं फोटोत येतं, बाहेरचं येत नाही. रेघा मारतात सगळे, त्यांवरून नेम फार थोडे धरतात. बहुतेक जण डबा अंदाजाने जमिनीवर टेकवतात, वाऱ्याने हलू नये म्हणून वर दगड ठेवतात आणि पट्टी उघडून बाजूला होतात. त्यामुळे फोटो कुत्र्या-मांजरांच्या उंचीवरून निघतात. गवताची पाती इमारतीपेक्षा मोठी, आणि दोन्ही सारखीच स्पष्ट, म्हणजे सारखीच अस्पष्ट, कारण फोकस करायला इथे काही नसतंच. मला हे फोटो फार आवडतात. उभं राहून, नीट बघून, विचार करून असा कोन कोणी निवडला नसता.

पट्टी उघडल्यावर मोजायचं. ०.४ चं भोक आणि १०० मिलिमीटरचं अंतर, म्हणजे एफ २५० (अंतर भागिले भोक; आकडा जितका मोठा तितका आत येणारा उजेड कमी). शंभर आयएसओच्या (फिल्म उजेड किती चटकन टिपते, त्याचं हे माप) फिल्मला कडक उन्हात दोन-अडीच सेकंद पुरतात. फोटोचा कागद बराच मंद, त्याला पाऊण मिनिट तरी हवं. सावलीत काही मिनिटं. एवढ्या वेळात चालणारी माणसं कागदावर उमटतच नाहीत. भर गर्दीचा रस्ता ओस दिसतो आणि कडेला उभी केलेली सायकल तेवढी ठसठशीत येते. आमचा वर्गाचा ग्रूप फोटो आम्ही असाच काढला. गप्प बसणारे सगळे नीट आले. वर्गातल्या सगळ्यांत बडबड्या मुलाचा शर्ट आला, बटणांसकट, आणि कॉलरच्या वर नुसतं मागचं झाड.

वेळ वाढत गेला की हिशोबही बिघडतो. गणिताने दहा सेकंद येतात, तिथे फिल्मला बऱ्याचदा वीस लागतात, कारण मंद उजेडात तिचा उत्साह मावळत जातो. हा प्रकार कार्ल श्वार्झशिल्ड या खगोलशास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास अभ्यासला. ताऱ्यांचे फोटो काढून तो त्यांची तेजस्विता मोजत होता, तेव्हा त्याला फोटोच्या काचेच्या प्लेटचा हाच आळस नडला. पुढे १९१६ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांचं उत्तर प्रसिद्ध करून कृष्णविवरांची वाट दाखवणारा श्वार्झशिल्ड तो हाच. म्हणजे पिनहोलच्या डब्यापाशी सेकंद मोजत बसलेल्या विद्यार्थ्याची आणि कृष्णविवरांची ओळख एकाच माणसाने करून द्यावी, असा योग आहे.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली डब्यातून कागद काढला की तो कोरा असतो. अगदी पांढरा. इतक्या उठाठेवीनंतर काहीच कसं नाही, म्हणून पहिल्यांदा सगळेच एकमेकांकडे बघतात. चित्र त्यावर असतं, पण चांदीच्या मोजक्या अणूंच्या रूपात, डोळ्यांना न दिसणारं. ते कोट्यवधी पटींनी वाढवायचं काम डेव्हलपरचं. ट्रे हलका डोलवत राहायचा. चित्र उलटं, म्हणजे निगेटिव्ह, उमटतं: आधी आकाश येतं, काळंकुट्ट, मग भिंती, पाती आणि पानं शेवटी, पांढरी. पुढे डेव्हलपरचं काम थांबवणारं स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारा हायपो आणि धुणं. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शलने १८१९ सालीच शोधून ठेवलं होतं. फोटो टिकवायला त्याचा उपयोग होतो हे वीस वर्षांनी समोर आलं, कारण तोवर टिकवण्याजोगे फोटोच नव्हते.

कागदावर फोटो काढायची रीत शोधणाऱ्या टॅलबॉटची गोष्ट मला इथे नेहमी आठवते. इंग्लंडातल्या आपल्या घराभोवती तो लाकडाची चिमुकली खोकी मांडून ठेवायचा. बायको त्यांना उंदरांचे सापळे म्हणायची. त्या काळी कागदावर चित्र डोळ्यांना दिसेपर्यंत उन्हात ठेवावं लागे, त्यामुळे काही खोक्यांना समोरून डोकावून बघायला आणखी एक भोक ठेवलेलं असे. झालं का? नाही अजून. परत बूच लावा. १८४० च्या सप्टेंबरात त्याच्या लक्षात आलं, की चित्र दिसायच्या कितीतरी आधी ते कागदात शिरलेलं असतं आणि गॅलिक आम्लाच्या द्रावणाने ते नंतर बाहेर काढता येतं. तासाभराचं काम मिनिटांवर आलं. डोकवायची भोकं निकामी झाली.

निगेटिव्ह वाचायला शिकणं हे मात्र खरंच बघणं, आणि तेही उलटं. चेहरा काळा, केस पांढरे, उजवं ते डावं. आमच्या मॅडम ओली निगेटिव्ह दिव्यासमोर धरून सांगायच्या, कपाळावर ऊन जास्त झालंय, सावलीत जीव आहे, प्रिंट चांगली येईल. आम्हाला दिसायचं भूत. कागदी निगेटिव्ह फोटोच्या कोऱ्या कागदावर पालथी घालून, वरून काच दाबून दिवा दाखवायचा, की सुलटी प्रिंट मिळते. भुताचा माणूस होतो.

फिल्मला आत्मा असतो, मोबाइलला नसतो वगैरे बोलणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. मोबाइलचे फोटो उत्तम येतात आणि आईचे फोटो मी मोबाइलवरच काढते. फरक असेल तर एवढाच, की तिथे काढण्याआधी, काढताना आणि काढल्यावर लगेच, तीनदा बघून होतं. पिनहोलमध्ये एकदाही नाही.

याची हद्द म्हणजे सोलारग्राफ. फोटोचा कागद पिनहोलच्या डब्यात घालून डबा खांबाला बांधायचा आणि महिनोन्‌महिने तसाच सोडून द्यायचा; शक्यतो डिसेंबरातल्या सगळ्यांत लहान दिवसापासून जूनमधल्या सगळ्यांत मोठ्या दिवसापर्यंत. रोजच्या सूर्याची एक कमान कागदावर कोरली जाते, ढगाळ दिवशी कमान तुटते. इंग्लंडातल्या बेफर्डबरी वेधशाळेत २०१२ साली एका विद्यार्थिनीने दुर्बिणीच्या घुमटाला बीअरच्या कॅनचा असा डबा लावला आणि ती विसरून गेली. २०२० मध्ये तो सापडला, तेव्हा आत २,९५३ कमानी होत्या. आठ वर्षांत कोणी बघितलं नाही म्हणूनच ते झालं.

सोलारग्राफला डेव्हलपर लागत नाही, इतक्या उन्हाने कागद आपोआप काळवंडतो. हायपोत घातला तर चित्र बरंचसं धुऊन जातं. म्हणून तो कच्चाच ठेवतात आणि एकदाच स्कॅन करतात. स्कॅनरचा उजेडसुद्धा त्यावर पडतोच, दर स्कॅनला तो थोडा आणखी काळवंडतो, त्यामुळे पहिला स्कॅन तोच खरा. परीक्षेसाठी आम्ही मूळ कागद काळ्या लिफाफ्यात बंद करून फाइलला जोडला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, कृपया उघडू नये. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर केला, ती ओळ मोठ्याने वाचली, लिफाफा फोडला, कागद खिडकीपाशी नेला आणि म्हणाले, "वा! हे कसं काढलं?"