आधी गार, मग गरम

ग्वाल्हेरची जानेवारीतली सकाळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना पारा चार-पाच अंशांवर उतरणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. अशाच एका सकाळी शहराच्या लश्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या न्हाणीघरात मी कुडकुडत उभा होतो. गीझरचा तांबडा दिवा विझलेला होता, म्हणजे आतले १५ लिटर पाणी तापून तयार होते. तरीही गरम पाण्याच्या नळाला थेंब नव्हता. मिस्त्रीला फोन लावणार, तोच गच्चीवरची टाकी रिकामी झाल्याचे लक्षात आले.

टाकी रिकामी म्हणून गार पाणी येत नाही हे समजण्यासारखे आहे. पण डोक्यावर टांगलेल्या पिंपातले, वीज जाळून तापवलेले पाणी का अडावे? उत्तर गीझरच्या पोटातच आहे. गार पाणी तळाशी शिरते, तापलेले हलके होऊन वर चढते आणि बाहेर जाणाऱ्या नळीचे तोंड आत अगदी वर असते. त्यामुळे खालून नव्या पाण्याचा रेटा आल्याशिवाय वरचे गरम पाणी त्या नळीत उतरत नाही. ज्या वाटेने गार पाणी आले, तिथली एकमार्गी झडप ते मागेही फिरू देत नाही.

खरे तर हे मला आजीने साठ वर्षांपूर्वीच शिकवले होते, तेही गीझर न पाहता. आमच्या तांब्याच्या बंबाच्या मधोमध विस्तवाची उभी नळी होती, तिच्याभोवती पाणी, एका अंगाला नरसाळे आणि दुसऱ्या अंगाला तोटी. नरसाळ्यात तांब्याभर गार ओतावे, तेव्हा तोटीतून तांब्याभर कढत यावे. मी नुसतीच बादली लावून बसलो की ती म्हणे, "बंबाकडे उधारी चालत नाही रे, आधी गार ओत." तिचा दुसरा नियम याहून कडक होता: पाणी भरल्याशिवाय विस्तव घालायचा नाही, नाहीतर सांधे सुटतील. ढलप्या आणि गोवऱ्यांच्या धुराने डोळे चुरचुरत, पण तो धूर नळीतून वर निघून जाई, ही त्या बंबाची मोठीच अक्कल म्हटली पाहिजे. कारण १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन या रंगाऱ्याने वायूवर चालणारे जलतापक यंत्र काढून आइसलंडच्या उष्ण कारंज्यावरून त्याला 'गीझर' हे नाव दिले खरे, पण धूर बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावणारे लोक आजही तीच चूक करतात, आणि ती जिवावर बेतते.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे मोटरहोम आहे, म्हणजे चाकांवरचे घर. त्यातला हीटर सहा गॅलनचा, जवळपास २३ लिटरचा. तो गॅसवर चालतो, ठिणगीपुरती वीज १२ व्होल्टच्या बॅटरीतून घेतो, आणि बाहेरची वीज मिळाली तर एलिमेंटवरही पाणी तापवतो. हिवाळ्याआधी तो पूर्ण रिकामा करावा लागतो, कारण आत बर्फ झाला तर टाकी फुटते. शिवाय नळ्यांत घातलेले न गोठणारे द्रव हीटरमध्ये जाऊ नये म्हणून झडपा फिरवून त्याला वगळून ठेवतात. एका वसंतात भाचा त्या झडपा पूर्ववत करायला विसरला आणि त्याने विजेचे बटण दाबले. कोरडे एलिमेंट क्षणात जळाले. मी त्याला पणजीचा दुसरा नियम ऐकवला, तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे तिथल्या माहितीपुस्तकातही पहिल्याच पानावर आहे."

बंब चिंचेने घासून लखलखीत ठेवण्यात आजीचा शनिवार जाई. गीझरच्या आत मॅग्नेशियमची कांडी असते, ती स्वतः झिजून पोलादी टाकीचा गंज आपल्यावर घेते. ती कितपत उरली आहे, हे पाहण्याची बुद्धी आमच्या घरात अजून कुणाला झालेली नाही. बंब दिसत होता, म्हणून त्याची काळजी घेतली गेली, असे मला वाटते.

त्या सकाळी शाल गुंडाळून मी हौदावरची मोटर लावली आणि परत येऊन नळाखाली बादली ठेवली. नळ आधी नुसताच खाकरला, मग दोनदा हवा सोडून त्याने थोडे पाणी थुंकले, आणि गच्चीवर पाणी पडल्याचा आवाज घुमू लागल्यावर गरम पाण्याची वाफाळती धार लागली.