किल्लीची साक्ष

अमळनेरच्या आमच्या समुपदेशन केंद्रात पारोळ्याकडून येणाऱ्या एका ताईंची ही हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे. सासर सोडून त्यांना सहा महिने झाले होते. अंगावर कधी हात पडला नव्हता. पण कपाटाची किल्ली लपवायची, दिवसभर शोधू द्यायची आणि रात्री त्यांच्याच पर्समधून काढून ‘हिचं डोकं ठिकाणावर नाही’ असे घरच्यांसमोर म्हणायचे, हा नवऱ्याचा नऊ वर्षांचा शिरस्ता होता. माहेरी कुणाच्याही हातून दूध उतू गेले तरी ‘माझंच चुकलं असेल’ हे त्यांच्या तोंडून आधी निघे. परतीच्या पाचच्या बससाठी त्या केंद्रातून साडेचारलाच उठत. मिनिटे मोजणारा माणूस आता घरी नाही, हे पायांना अजून कळले नव्हते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितले होते. तीच रीत मी वापरली आणि फसले. हाती आला तो चार पानी माफीनामा, तोही पुस्तकी मराठीत. अक्षर ताईंचे होते, बोलत होता नवरा; त्यांच्या अहिराणीला तो गावंढळ म्हणे. चूक रीतीची नव्हे, माझ्या घाईची होती. जिचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासच कुणी काढून घेतला आहे, तिला ‘काय घडले ते लिहा’ असे मी सांगत होते.

पुढच्या मंगळवारी म्हणाले, “ताई, तुम्ही लिहू नका. किल्लीला लिहू द्या, आणि घरी बोलता तसंच.”

त्या बराच वेळ पेनाचे टोपण काढत-लावत राहिल्या. मग पहिली ओळ उतरली: ‘मी तठेच व्हती.’ त्यापुढे किल्लीने वर्तमानपत्राखालचा अंधार सांगितला, तंबाखूचा वास येणारी दोन बोटे सांगितली. हे सारे कल्पित आहे, पुरावा नव्हे, असे मी बजावणार तोच ताई थांबून म्हणाल्या, “पर्स त्या दिवशी मी उघडलीच नव्हती. सकाळपासून खुंटीवर होती.” नऊ वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणालाच, अगदी स्वतःलाही, ऐकवले नव्हते.

“असं वागणं कायद्यात बसतं का?” त्यांनी विचारले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाच्या कलम ३ मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळही येतो, हे सांगून मी प्रत काढून दिली. ती नुसती नेण्याऐवजी त्या कलम वहीत उतरवून घेत बसल्या. पाच वाजून गेलेले माझ्याच लक्षात आले. बस गेल्याचे सांगितल्यावर त्यांनी मान वर न करता विचारले, “पुढची केव्हा?”