पहिली बारा पानं नसलेलं व्याकरण

देणगीत आलेल्या खोक्याच्या यादीत त्या पुस्तकासमोर एकच ओळ होती: वेबस्टरचं व्याकरण, ग्रामर स्कूलचं, अंदाजे १७९०. न्यू इंग्लंडमधल्या एका ग्रंथालयात जुन्या शालेय पुस्तकांची सूची करणं हे माझं काम. अशा ओळीवर विश्वास ठेवला तर नोंद दहा मिनिटांत उरकते, आणि मग ती चुकीची नोंद पुढची पन्नास वर्षं लोक उद्धृत करत राहतात. या पुस्तकाला शीर्षकपान नव्हतं, त्यामुळे ओळ तपासण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पुस्तक तळहाताएवढं. पुठ्ठ्याच्या जागी लाकडाच्या पातळ फळ्या, त्यांवर चिकटवलेला कागद, पाठीवर मेंढीचं कातडं. त्या काळातल्या स्वस्त अमेरिकी शालेय पुस्तकांची ही ठरलेली बांधणी. लाकूड तंतूंच्या रेषेत तडकतं आणि तडकताना कोपऱ्याचा कागद सोबत घेऊन जातं. म्हणून असं पुस्तक कधीही सपाट उघडायचं नाही. दोन्ही बाजूंना फोमच्या पाचरी लावून नव्वद अंशांवर थांबायचं.

पहिलं शिल्लक पान १३. त्याच्या तळाशी बारीक 'बी'. छापलेला ताव दुमडून जी जुडी तयार होते तिच्या पहिल्या पानावर हे अक्षर असतं, बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून. पुढचं अक्षर २५व्या पानावर, त्यापुढचं ३७व्या. म्हणजे जुडीत सहा पत्रं, बारा पानं. आणि हरवलेली जुडी फक्त 'ए'. (जुडीची अक्षरं मोजताना नवखा माणूस हमखास चुकतो. छापखान्याची ही मुळाक्षरं तेवीसच: 'जे' आणि 'डब्ल्यू' नाहीत, 'यू' आणि 'व्ही' मिळून एक.) कागद उजेडासमोर धरला तर कागद बनवण्याच्या साच्यातल्या तारांच्या लांब रेषा आडव्या दिसल्या, हे एका तावाची बारा पत्रं, म्हणजे अशा दोन जुड्या, होणाऱ्या आकाराचं लक्षण. आणि एफसारखा दिसणारा जुना लांब एस कुठेही नव्हता. अमेरिकी छापखान्यांनी तो १८००च्या आसपासच्या वर्षांत टाकून दिला. १७९० इथेच डळमळलं.

'ग्रामर स्कूल' हा शब्द तर भल्याभल्यांना चकवतो. मॅसॅच्युसेट्सच्या १६४७च्या कायद्याने शंभर कुटुंबांच्या गावाला ग्रामर स्कूल चालवायला लावलं, पण त्यातलं ग्रामर म्हणजे लॅटिनचं. मुलगा हार्वर्डला जाण्याजोगा व्हावा हा हेतू. बोस्टनमध्ये वर्षानुवर्षं शिकवलेल्या इझिकिएल चीव्हरचं 'अॅक्सिडन्स' हे पुस्तकही लॅटिनचंच. इंग्रजी ही व्याकरण शिकण्याची भाषा आहे, ही कल्पनाच उशिरा रुजली. थॉमस डिलवर्थच्या स्पेलरमध्ये, म्हणजे शुद्धलेखन शिकवणाऱ्या पुस्तकात, प्रश्नोत्तरांच्या रूपात थोडं इंग्रजी व्याकरण होतं. फ्रँकलिनने ते पुस्तक १७४७मध्ये फिलाडेल्फियात छापलं. पण स्वतंत्र विषय म्हणून इंग्रजी व्याकरण साध्या शाळांत शिरलं ते अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतर. आपल्या हातातलं पुस्तक इंग्रजीचं, म्हणजे ते जुन्या अर्थाच्या ग्रामर स्कूलसाठी लिहिलेलं नाही.

राहिला वेबस्टर, पुढे शब्दकोशामुळे नावाजलेला. नोआ वेबस्टरने १७८३मध्ये स्पेलर काढलं, १७८४मध्ये व्याकरण, १७८५मध्ये वाचनपुस्तक. स्पेलर घराघरांत गेलं, व्याकरण मात्र फारसं चाललं नाही. तरी कोणत्याही जुन्या शालेय पुस्तकावर वेबस्टरचं नाव डकवायची लोकांना सवय आहे. पटकन चाचणी घ्यायची तर 'टु बी'च्या भूतकाळाचा तक्ता उघडायचा. एका माणसाशी बोलताना 'यू वॉज' म्हणणं बरोबर आहे, असं वेबस्टर १७८९मध्ये हिरिरीने मांडत होता, कारण लोक तसंच बोलतात. आमच्या पुस्तकात निमूटपणे 'यू वेअर'. एवढ्यावरून निकाल लागत नाही, पण दिशा कळते.

मग वाक्यरचनेचे नियम मोजले. बावीस. शब्दांच्या जाती नऊ. नामाच्या विभक्ती तीन, क्रियापदाचे अर्थ (स्वार्थ, आज्ञार्थ यांसारखे) पाच, काळ सहा. हा सगळा साचा लिंडली मरेचा. मरे पेनसिल्व्हेनियात जन्मलेला, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा, न्यू यॉर्कमध्ये वकिली आणि व्यापार करून १७८४मध्ये इंग्लंडला गेला आणि यॉर्कजवळ स्थायिक झाला. तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने १७९५मध्ये व्याकरण लिहिलं. ते परत अमेरिकेत आलं आणि इथल्या छापखान्यांनी त्यावर अक्षरशः ताव मारला. परदेशी लेखकांच्या पुस्तकांना अमेरिकेत १८९१पर्यंत स्वामित्वहक्काचं संरक्षणच नव्हतं; मरेचं पुस्तक कुणीही छापावं.

इथे माझीही चूक झाली. बावीस नियम दिसताच मी 'मरे, इंग्लिश ग्रामर' असं टिपून मोकळा झालो. दुपारी पुन्हा पाहताना लक्षात आलं की पानांवर टाईप एकाच आकाराचा आहे. मरेच्या मूळ पुस्तकात मोठा टाईप पाठ करण्यासाठी आणि बारीक टाईप पुढे समजून घेण्यासाठी असतो. बारीक टाईप नाही, आणि शेवटी शुद्धलेखन, पदपरिस्फोट (वाक्यातल्या प्रत्येक शब्दाचं व्याकरण सांगणं), वाक्यरचना व विरामचिन्हं यांचे अभ्यास जोडलेले, म्हणजे हा १७९७चा संक्षेप, लहान वर्गांसाठीचा. पण मरेचे नियम उचलून स्वतःच्या नावावर व्याकरणं काढणारेही बरेच होते. त्यामुळे ओळख पटवण्याची खरी पद्धत वापरावी लागली: प्रत्येक जुडीचं अक्षर वरच्या शेवटच्या ओळीतल्या नेमक्या कोणत्या अक्षरांखाली येतं ते टिपायचं, आणि स्कॅन केलेल्या प्रतींशी ताडायचं. मजकूर तोच असला तरी खिळे नव्याने जुळवले की ही जागा सरकते. पाच प्रती ताडल्या. मजकूर पाचांशी जुळला, जागा एकीशीही नाही. म्हणजे मरेचा संक्षेप नक्की, पण वेगळी छपाई.

या पुस्तकावर शिकवायचे कसे, ते मरेने दिलेल्या नमुन्यातच दिसतं. आपल्याकडे ज्याला 'व्याकरण चालवणं' म्हणतात तेच. वाक्य: 'व्हाइस प्रोड्यूसेस मिझरी', दुर्गुण दुःख निर्माण करतो. मुलाने उभं राहून म्हणायचं: व्हाइस, सामान्यनाम, नपुंसकलिंगी, तृतीय पुरुष, एकवचन, कर्त्याची विभक्ती. प्रोड्यूसेस, नियमित सकर्मक क्रियापद, स्वार्थ, वर्तमानकाळ, तृतीय पुरुष एकवचन, आपल्या कर्त्याशी जुळणारं, नियम १ प्रमाणे, जो म्हणतो की... आणि पुढे कंसात छापलेलं असतं: इथे नियम म्हणा. मग मिझरी, आणि नियम ११. तीन शब्दांच्या वाक्याला दोन नियम संपूर्ण म्हणायचे. ही पायरी पक्की झाली की चुकीची वाक्यं दुरुस्त करायची: 'डिसअपॉइंटमेंट्स सिंक्स द हार्ट ऑफ मॅन', कर्ता अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. स्वतःचं वाक्य लिहिण्याची पाळी या क्रमात येतच नाही.

असं का, याचं उत्तर शाळेच्या खोलीत आहे. खेड्यातल्या एका खोलीच्या शाळेत चार वर्षांच्या पोरापासून हिवाळ्यात शेतीतून सुटलेल्या दांडग्या मुलापर्यंत सगळे एकत्र. पुस्तकं घरून यायची, ज्याच्या घरी जे असेल ते. एकाकडे डिलवर्थ, दुसऱ्याकडे मरे, तिसऱ्याकडे मोठ्या भावाची फाटकी प्रत. सगळ्यांना एकत्र समजावण्याची सोयच नव्हती. मास्तर एकेकाला टेबलापाशी बोलावून पाठांतर ऐकायचा. त्याला स्वतःला व्याकरण कळत नसलं तरी पुस्तक समोर धरून 'चूक' म्हणता यायचं. मरेची मोठी सोय हीच होती.

आणि नऊ जाती? त्यांतला 'आर्टिकल' काढा, आठ उरतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाची अशीच चौकट समोर होती. केवलप्रयोगी अव्ययापर्यंतची आपली पाठ केलेली यादी त्याच घराण्यातली.

दिवसाचं खरं फळ नियम १च्या शेजारच्या कोऱ्या समासात होतं. एका मुलाने तपकिरी शाईत तो नियम उतरवला होता. क्रियापद कर्त्याशी वचनात आणि पुरुषात जुळलं पाहिजे, हा नियम. इंग्रजीत 'अ व्हर्ब मस्ट अॅग्री'. मुलाने लिहिलं होतं 'मस्ट अॅग्रीज'. जुळणीचा नियम लिहिताना जुळणीचाच एस नको तिथे लागलेला.

पहिल्यांदा हसू येतं. पण चूक हास्यास्पद नाही, पद्धतशीर आहे. 'व्हर्ब' एकवचनी, तृतीय पुरुषी. नियमाप्रमाणे क्रियापदाला एस. मुलाने नियम पाळलाच होता. 'मस्ट' आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपातच राहतं, ही गोष्ट मरेच्या पुस्तकात वेगळ्या भागात, क्रियापदाच्या शक्यार्थाच्या तक्त्यात आहे, आणि तो तक्ता पाठ करायचा असतो, वापरायचा नसतो. दोन्ही पाठ, दोघांची गाठ नाही. १८३१च्या सुमाराला रॉसवेल स्मिथसारखे व्याकरणकार मुलाकडूनच वाक्य काढून घेणारी 'उत्पादक पद्धत' घेऊन आले, आणि १८७७मध्ये रीड आणि केलॉग यांनी वाक्य रेषांवर मांडायला शिकवलं. ती खटपट नेमकी या भेगेवरची. किती बुजली हा वेगळा विषय.

शेवटच्या पानावर त्याच हस्ताक्षरात 'हिवाळा १८११'. हे वर्ष छपाईचं नव्हे. भावंडांत पुस्तक दहा-दहा वर्षं फिरायचं. त्यावरून एवढंच कळतं की छपाई त्याआधीची. शाईवर ओला बोळा लावायचा नाही हे मदतनीस मुलीला दोनदा सांगितलं, कारण लोहयुक्त शाई पाण्याने पसरते आणि कागद खाते.

नोंद अशी झाली: मरे, लिंडली. इंग्रजी व्याकरणाचा संक्षेप. अमेरिकी छपाई, १८०० ते १८११ दरम्यान. जुडी 'ए' नाही. लाकडी फळ्या, पाठ मेंढीच्या कातड्याची. नियम १च्या समासात विद्यार्थ्याचं लेखन. चूक जशीच्या तशी नोंदवली आहे.